नागिणीची लस : बाबांना आधी, दोन्ही डोस, आणि तुम्ही घरी असताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा कोथरूडला दोघंच राहतात, तुम्ही नोकरीसाठी बंगळूरला. बाबा 74 वर्षांचे, मधुमेह जुना, मागे अँजिओप्लास्टी झाली म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू. आई 68 ची. तिला तीन वर्षांपूर्वी पाठीवर नागीण येऊन गेली आणि महिन्याभरात बरी झाली. फॅमिली डॉक्टरांनी दोघांनाही नागिणीची लस घ्यायला सांगितली आहे. चार डोसांचे मिळून चाळीस हजारांच्या आसपास होतात, म्हणून तुम्ही विचारताय की आत्ता दोघांना एकेक डोस दिला तर चालेल का. आई म्हणते, मला एकदा होऊन गेली, आता कशाला? बाबा म्हणतात, मला लहानपणी कांजिण्या आल्याचं आठवतच नाही, आणि टेकडीवर फिरायला येणारे एक जण ही लस घेऊन दोन दिवस तापाने पडून होते. त्यात कुणीतरी सांगितलंय की या लशीनेच नागीण उठते.

मी फिजिशियन आहे. कोथरूड-कर्वेनगर भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे. मुलं परगावी आणि आई-बाबा दोघंच, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक, लस घेण्यासारखी आहे का. दुसरा, आणि माझ्या मते जास्त अवघड, की पैसे आणि माणसं दोन्ही मोजकी असताना कुणाला आधी द्यायची आणि कधी. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर : बाबांना आधी, त्यांचे दोन्ही डोस पूर्ण करून, आणि तुम्ही किंवा कुणी जबाबदार माणूस घरी असेल त्या आठवड्यात. दोघांना अर्धं अर्धं वाटून देऊ नका.

आता कारणं सांगते.

नागीण म्हणजे बाहेरून आलेला नवा संसर्ग नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या मुळांशी जे पेशींचे पुंजके असतात, तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. वय वाढलं, मधुमेह असला, स्टेरॉइड किंवा केमो चालू झाली की ती पकड सैल होते आणि विषाणू एखाद्या नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड एकाच बाजूला आणि पट्ट्यासारखे येतात. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावच्या एका जनरल प्रॅक्टिशनरने, एडगर होप-सिम्पसन यांनी. आपल्याच दवाखान्यातल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लावून 1965 साली त्यांनी ते लिहिलं. दवाखान्यात रोज नोंदी ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या कामाबद्दल विशेष आदर वाटतो.

बाबांना कांजिण्या आठवत नाहीत यावर फार विचार करू नका. त्यांच्या पिढीत कांजिण्यांची लस नव्हती. घरात चार-पाच भावंडं, एकाला आल्या की सगळ्यांना यायच्या. कुणाला अंगभर आल्या, कुणाला चार फोड येऊन गेले आणि आईने 'बाहेरचं काही' म्हणून सोडून दिलं. पन्नाशीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात हा विषाणू आहे असं धरूनच आम्ही चालतो. त्यासाठी रक्ततपासणी करून घ्यायची गरज नाही, त्या पैशांची बचत करा.

परदेशातल्या आकडेवारीनुसार साधारण तिघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते. पण हा आकडा ऐकून मी कुणाला लस सुचवत नाही. फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात, तुमच्या आईचे सुकले तसेच. मी लस सुचवते ती नंतर राहणाऱ्या दुखण्यासाठी.

विषाणू ज्या नसेतून बाहेर येतो, त्या नसेला इजा करून येतो. नागीण झालेल्या दर शंभरातल्या दहा ते अठरा जणांना फोड बरे झाल्यावरही तीन महिन्यांच्या पुढे वेदना राहते. वय जितकं जास्त तितकं हे प्रमाण वाढतं आणि वेदना तितकी लांबते. ही वेदना बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. छातीच्या डाव्या बाजूला नागीण होऊन गेलेली, कातडीवर फक्त फिकट डाग उरलेले. ते तपासणीच्या खोलीत यायचे ते शर्टाची पुढची बाजू दोन बोटांनी चिमटीत धरून, अंगापासून लांब करून. सुती बनियनचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. पंखा लावला की वाऱ्याने आग व्हायची, बंद केला की उकाड्याने. रात्री उजव्या कुशीवर उशी लावून अर्धवट बसून झोपायचे. त्यांच्या पत्नीने मला सांगितलं होतं की नातू धावत येऊन मिठी मारेल या भीतीने ते दाराशी जायचं टाळतात. हे जवळजवळ वर्षभर चाललं.

यात आणखी एक बाजू आहे, आणि वयस्कर माणसांसाठी मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. या वेदनेवर नेहमीच्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं द्यावी लागतात. चाळिशीतल्या माणसाला ती बऱ्यापैकी सोसतात. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला त्यांनी गरगरतं, झोप येते, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर अमिट्रिप्टिलिनने लघवी अडकू शकते. रात्री दोनला बाथरूमला उठले, पाय अडखळला, खुब्याचं हाड मोडलं, की दुखणं नागिणीचं राहतच नाही. तुमच्या बाबांच्या गोळ्यांच्या डबीत आधीच मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील. त्यात ही औषधं घालताना माझा हात थबकतो. उपचार करणंच अवघड आहे अशा वयात आजार टाळण्याची किंमत वाढते. लशीबद्दलचं माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे.

आता लशीकडे वळू. आज आपल्याकडे ज्या लशीबद्दल डॉक्टर बोलतात ती शिंग्रिक्स, ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीची. भारतात ती 2023 पासून मिळते, पन्नास वर्षांच्या पुढच्यांसाठी. तिच्यात जिवंत विषाणू नाही, मेलेला विषाणूही नाही. विषाणूच्या आवरणावरचं एक प्रथिन तेवढं बनवून घातलेलं आहे, आणि त्याला प्रतिसाद जोरात यावा म्हणून एक पूरक द्रव्य. त्या द्रव्याचा एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. जिवंत विषाणूच नाही, तर त्या लशीने नागीण उठणार कशी? लस घेतल्यानंतर काही दिवसांत कुणाला नागीण झाली तर ती संरक्षण तयार व्हायच्या आधी झालेली असते. ही समजूत कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. यापूर्वी परदेशात झोस्टाव्हॅक्स नावाची लस होती, तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असायचा. ती नागीण जेमतेम निम्म्याने कमी करायची. अमेरिकेत 2020 मध्ये ती बंद झाली. त्या लशीविषयीचे जुने इशारे अजून फिरत असतात.

नवीन लशीच्या चाचण्यांचे निकाल 2015 आणि 2016 साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्यांत नागीण 97 टक्क्यांनी कमी, सत्तरीपुढच्यांत सुमारे 90 टक्क्यांनी. नंतरची वेदनाही सत्तरीपुढच्यांत 89 टक्क्यांच्या आसपास कमी. वयस्कर माणसात इतका परिणाम टिकवणाऱ्या लशी थोड्याच असतात, कारण म्हातारपणी शरीर लशीला प्रतिसादच कमी देतं. चाचणीबाहेर, रोजच्या जगात हे आकडे खाली येतात हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन डोसांनंतर साधारण 70 टक्के संरक्षण दिसलं आणि एकाच डोसनंतर साधारण 57. टिकाऊपणाचं म्हणाल तर चाचणीतल्याच लोकांचा पुढे पाठपुरावा झाला आहे आणि अकराव्या वर्षीही संरक्षण चांगलं राहिलेलं दिसतं. तूर्त तिसरा डोस कुणी सांगत नाही.

एक डोस दोघांना वाटायचा विचार मी नाकारते तो यामुळे. सगळे चांगले आकडे दोन डोसांचे आहेत. एका डोसाने काही काळ थोडं संरक्षण मिळेल, पण ते किती वर्षं टिकेल याचा भरवसा देता येत नाही. आणि अनुभव असा की 'दुसरा नंतर बघू' म्हणून राहिलेला दुसरा डोस बहुतेक वेळा राहूनच जातो. मग वीस हजार खर्चून दोघंही अर्धवट. त्याच वीस हजारांत बाबांचं पूर्ण होतं.

बाबाच आधी का? त्यांचं वय जास्त, मधुमेह आहे, आणि त्यांना अजून झालेली नाही. आईला नुकती म्हणजे तीन वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. एकदा नागीण झाली की शरीराला त्या विषाणूची नव्याने ओळख होते आणि काही वर्षं थोडं संरक्षण मिळतं. पण ते कायमचं नसतं. परदेशातल्या एका मोठ्या पाहणीत आठ वर्षांत शंभरातल्या सहा जणांना पुन्हा नागीण झाली. म्हणजे आईचं 'मला होऊन गेली' हे तिला रांगेत दुसरं उभं करायला पुरेसं कारण आहे, रांगेतून काढून टाकायला नाही. नागीण झालेल्यांनाही ही लस देतात, फोड पूर्ण बरे झालेले असले म्हणजे झालं. मी स्वतः साधारण वर्षभर जाऊ देते. तुमच्या आईची ती मुदत कधीच उलटून गेली आहे. बाबांचा दुसरा डोस झाला की वर्षभरात आईचं बघा. पैशांची अडचण नसेल तर दोघांचं बरोबरच करा, फक्त एकाच दिवशी नको. दोघंही एकदम अंथरुणाला लागले तर पाणी कोण देणार?

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. बाबांची फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली आहे का? झाली नसेल तर आधी ती. नागीण माणसाला बेजार करते, पण मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या माणसाला फ्लू आणि न्यूमोनिया थेट आयसीयूत नेतात. 2009 साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यातच, त्या ऑगस्टमधलं शहर आम्ही कुणी विसरलेलो नाही. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. ती नागिणीच्या लशीच्या तुलनेत खूपच स्वस्त आहे. दोन्ही लशी एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांवर घेता येतात, त्याला हरकत नाही. पण सत्तरीपुढच्या माणसाला मी दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून देते, म्हणजे ताप आला तर तो कशाचा हा गोंधळ होत नाही.

आता तापाचं, म्हणजे बाबांच्या खऱ्या हरकतीचं. त्यांच्या मित्राला ताप आला हे खोटं नाही. ही लस त्रास देते. पण चाचण्यांतला एक तपशील बाबांना जरूर सांगा : पन्नास ते सत्तर या वयोगटात त्रास जास्त झाला, सत्तरीपुढच्यांत कमी. सत्तरीपुढच्या शंभरातल्या साधारण सत्तर जणांचा दंड दुखला, पस्तीस-छत्तीस जणांना अंगदुखी आणि तेवढ्याच जणांना थकवा, वीसेक जणांना हुडहुडी, आणि ताप आला तो चौदा जणांना. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत निवळतं.

मात्र 'दोन दिवसांचा तर ताप' असं म्हणून हे उडवून लावणं मला पटत नाही. पन्नाशीचा माणूस दोन दिवस रजा टाकून झोपतो. चौऱ्याहत्तरीचा मधुमेही माणूस, घरी फक्त अडुसष्टची बायको, अशा घरात त्या दोन दिवसांची तयारी करावी लागते. मी माझ्या रुग्णांना ती अशी सांगते.

लस सकाळी घ्या, आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे पुढचे दोन दिवस तुमचे डॉक्टर भेटतील. शनिवारी संध्याकाळी घेतली की ताप येतो रविवारी, आणि रविवारी दवाखाना बंद. अंथरुणातून उठताना बाबा ज्या हातावर भार देतात त्याच्या विरुद्ध दंडावर घ्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण दंड खरंच ठणकतो, आणि पलंगाच्या कडेला धरून उठायचा हातच दुखत असेल तर रात्री तोल जायची भीती असते. त्या रात्री बाथरूमच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा, पायपुसणं बाजूला करा. ताप किंवा अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल चालतं. आधीपासूनच घेऊन ठेवायची गरज नाही. ब्रुफेनसारख्या गोळ्या मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर आपल्या मनाने देऊ नका.

साखरेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ताप आणि मळमळ असली की जेवण जात नाही, पण गोळी सवयीने घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात फक्त चहा-बिस्किट, तर साखर खाली येऊ शकते. घाम, थरथर, गुंगी हे तापाचंच आहे समजून दुर्लक्ष होतं. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर त्या दोन दिवसांत तीन-चारदा साखर बघा, आणि जेवण कमी झालं तर कुठली गोळी कमी करायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मऊ भात-वरण, पेज, ताक, जे जाईल ते थोडं थोडं द्या. साखर थोडी वर-खाली आहे म्हणून लसच लांबवायची, असं मात्र करू नका. ती अगदी ताळ्यावर यायची वाट बघत वर्षं निघून जातात.

आणि म्हणूनच म्हणते की तुम्ही घरी असताना द्या. पण गणपती किंवा दिवाळीला येता त्या चार दिवसांत नको. घरात पाहुणे, फराळ, दगदग, त्यात बाबा तापाने झोपलेले, असं नको. त्यापेक्षा मधल्या एखाद्या आठवड्यात घरून काम करायची परवानगी काढून या. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दुसरा डोस असतो. म्हणजे तुमच्या दोन फेऱ्या त्याला जुळवता येतील. दुसऱ्या डोसाला सहा महिन्यांहून उशीर झालाच तर तो तेव्हा घ्या, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

बाबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल : अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यातलं काहीही लशीसाठी बंद करायचं नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने अशी गोळी स्वतःहून थांबवणं लशीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. लस स्नायूत देतात, म्हणून बारीक सुई वापरायची आणि नंतर ती जागा न चोळता दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायची. थोडं काळंनिळं झालं तर घाबरू नका. वॉरफेरिन चालू असेल तर अलीकडचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारी तपासणी, बघून मग द्यायची.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात, कारण तुमच्यासारखाच प्रश्न मनात असलेल्या दुसऱ्या कुणाचे आई-बाबा वेगळ्या तब्येतीचे असतील. केमो चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, संधिवातासाठी टोफासिटिनिबसारखी औषधं किंवा जास्त स्टेरॉइड चालू असतील, तर नागिणीचा धोका बराच वाढतो. त्यामुळे लशीची गरजही त्यांना जास्त असते. जिवंत विषाणू नसल्याने ती देताही येते. पण औषधांच्या चक्रात ती कुठे बसवायची हे त्यांच्या तज्ज्ञांनीच ठरवावं. पूर्वी कधी गुइलाँ-बारे झाला असेल, म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा, तर ते लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. या लशीनंतर तो फार विरळा पण आढळला आहे. अमेरिकेतल्या पाहणीत पासष्टीपुढच्यांत दहा लाख डोसांमागे तीन जास्तीचे रुग्ण असा अंदाज निघाला. इतक्या विरळा गोष्टीसाठी मी सरसकट कुणाला थांबवत नाही, पण ज्याला तो आजार होऊन गेला आहे त्याच्याशी शांतपणे बसून बोलते. ताप चालू असताना किंवा नागीण अंगावर असताना ही लस देत नाहीत. आणि झालेल्या नागिणीवर किंवा उरलेल्या वेदनेवर ती उपचार नाही.

खर्चाचं सांगायचं तर एका डोसाला आज दहा हजारांच्या घरात पडतात, देणाऱ्याच्या चार्जप्रमाणे थोडं कमी-जास्त. सरकारी लसीकरणात ती नाही. मेडिक्लेममध्ये बहुधा मिळत नाही, पण तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबा असतील तर एचआरला एकदा विचारून बघा. लस कुठे घ्यायची हे ठरवताना फक्त भाव बघू नका. ही लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, गोठली तर वाया जाते. केमिस्टकडून आधी विकत घेऊन, स्कूटरच्या डिकीत टाकून एप्रिलच्या उन्हात पौड रोडवरून नेणं, किंवा घरच्या फ्रिजच्या दारात चार दिवस ठेवणं, हे दोन्ही टाळा. आदल्या दिवशी फोन करून दवाखान्यातच लस मागवून ठेवायला सांगा. बाबांसमोर खोकं उघडू द्या. आत दोन बाटल्या असतात, एकीत पावडर आणि दुसरीत द्रव. दोन्ही एकत्र करूनच टोचायची असते. एक्स्पायरी बघा आणि बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या.

आईने कुठेतरी वाचलंय की या लशीने विस्मरणाचा आजार टळतो, असंही तुम्ही लिहिलंय. वेल्समधल्या ज्येष्ठांच्या नोंदींवरून 2025 साली असा अभ्यास आला खरा, आणि ज्यांना लस मिळाली त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी दिसलं. पण तो जुन्या, जिवंत विषाणूच्या लशीचा होता. आशादायक आहे, पण आज त्यासाठी म्हणून पैसे खर्च करा असं मी सांगणार नाही. नागिणीसाठी करा, ते कारण पुरेसं आहे.

लस घेतली तरी, आणि आईची लस होईपर्यंत तर नक्कीच, घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत हवी. नागिणीत दुखणं आधी येतं, फोड नंतर. दोन-चार दिवस छातीच्या, पोटाच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला आग, टोचल्यासारखं, कातडीला हात लावू न देणारं दुखणं. बाबांच्या छातीत डावीकडे दुखलं तर आधी हृदयाचीच तपासणी करायची, त्यात दुमत नाही. पण ईसीजी ठीक आला तरी पुढचे काही दिवस रोज सदरा काढून कातडी बघा. लालसर पट्टा किंवा फोड दिसले की विषाणूवरची गोळी बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवी. अ‍ॅसिक्लोव्हिर, व्हॅलॅसिक्लोव्हिर ही त्या गोळ्यांची नावं, मात्रा मूत्रपिंडाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

हे बहात्तर तास आपल्याकडे कुठे जातात ते मी वर्षानुवर्षं बघते आहे. नागीण म्हटलं की अजूनही आधी गेरूचा लेप लागतो, कुणीतरी ओळखीचा मंत्र घालणारा सुचवतं, आणि घरात सगळ्यांना एकच धास्ती असते की तोंडाला शेपूट मिळालं तर माणूस दगावतो. नस कण्यापासून निघून पुढे शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून एका नसेची नागीण पूर्ण वेढा घालतच नाही. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले तर प्रतिकारशक्ती फार खालावली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि लगेच हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. श्रद्धेने कुणी काही करत असेल तर मी भांडत नाही. फक्त एवढंच सांगते की गोळी आधी सुरू करा, आणि ओल्या फोडांवर काही लावू नका, त्याने जखम चिघळते. फोड ओले असताना ते झाकून ठेवायचे. ज्या लहान बाळाला कांजिण्यांची लस मिळालेली नाही किंवा ज्या गरोदर बाईला कांजिण्या आलेल्या नाहीत, त्यांना त्या काळात जवळ घ्यायचं नाही. त्यांना नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात.

बाबांशी बोलताना टक्केवारी फार सांगू नका. त्यांची हरकत तापाला आहे, तर तापाचीच व्यवस्था त्यांच्यासमोर ठेवा : मी त्या आठवड्यात घरी आहे, डॉक्टरांचा नंबर आहे, गोळ्यांचं लिहून घेतलं आहे, टेकडी फक्त तीन दिवस बंद. ज्यांना नागिणीनंतरचं दुखणं राहिलं आहे असं कुणी त्यांच्या ग्रुपमध्ये असेल, आणि त्या वयाच्या ग्रुपमध्ये बहुधा असतंच, तर त्यांच्याशी एकदा बाबांनाच बोलू द्या. पहिला डोस झाला की दवाखान्यातून निघायच्या आधी दुसऱ्याची तारीख घ्या आणि त्या तारखेचं पुण्याचं तिकीट तिथेच बसून काढा.